रंगूआक्काचं लोकरीचं घर

कुंडल,
वैशाखातली भर दुपार

तीर्थरूप रंगूआक्का,

धाकट्या आकारामचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या निम्माच वाकलो आहे. उरलेला निम्मा नमस्कार तू इथं आलीस की घालीन, आणि हे पत्र वाचल्यावर तुला यावंच लागेल.) तुझे गुडघे कसे आहेत? तिकडं कोयनानगरात वळीव पडून गेला, असं यशराज पुण्याहून फोनवर सांगत होता. परवा जमीन हलली, हेही त्यानंच सांगितलं. तू म्हणे चहा गाळत होतीस आणि हातातली गाळणी न सोडता दारात जाऊन उभी राहिलीस. मामा म्हणून मी भाच्याला धीर दिला, पण भाऊ म्हणून मला राग आला. भाड्याच्या खोलीच्या दारात एकटीनं गाळणी धरून उभं राहायचं, हे किती वर्षं चालवणार आहेस? मुलगा अकराव्या मजल्यावर ये म्हणतो, तिथं तू जात नाहीस, ते बरोबरच आहे. पण मग माहेरी का येत नाहीस?

फोन न करता पत्र का लिहितो, ते तुला ठाऊक आहे. मी बोलायला लागलो की तू फोन फळीवर ठेवून शेंगा सोलायला बसतेस आणि मधूनमधून "व्हय, व्हय" म्हणतेस. मागच्या खेपेला मी बोलायचा थांबलो होतो, तरी तुझं "व्हय" चालूच होतं. पत्राच्या बाबतीत ही सोय नाही. ते डोळे लावूनच वाचावं लागतं.

तर मुद्द्यावर येतो. आमच्या अपेक्षाच्या साखरपुड्यात, भरल्या पंगतीत, मी तुला म्हणालो होतो की आक्का, विहिरीजवळची पट्टी आबांनी तुझ्या नावावर केलेली आहे, तू तिथं राहायला ये, कुणाच्या उपकारानं नव्हे, हक्कानं ये. त्यावर तू जिलेबी मोडत मोडत सगळ्यांदेखत काय म्हणालीस? "आकाराम, डोस्क्यावर स्लॅब घिऊन मी झोपणार न्हाई, कोयनेत राहून येवढं एक शिकले. दुसरं, तुमच्या हितला मे महिना म्हंजी भाकरीनं तव्यावर नांदायला जायचं. आन तिसरं, सुलाच्या चुलीत मी हात घालणार न्हाई." पंगत हसली. तू ओटी भरून घेतलीस आणि संध्याकाळच्या एसटीनं निघून गेलीस. लोकांना वाटलं, विषय संपला.

विषय असा संपत नाही, आक्का. तू आक्षेप घेतलेस तीन, आणि आक्षेपाला उत्तर न देता मी आजवर कुठल्या व्यासपीठावरून खाली उतरलेलो नाही. (एकदा कराडला उतरलो होतो, पण तिथं व्यासपीठच मोडलं होतं.)

तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर सोपं: वेगळं घर, वेगळी चूल, माझ्या बायकोच्या चुलीला तुझा हातही लागायला नको. पहिल्याचंही सोपं: स्लॅबच नको, हलकं घर बांधायचं. खरी झुंज दुसऱ्याशी होती. हलकं घर म्हणजे पत्रा आला, आणि पत्रा म्हणजे आपल्या उन्हात कढई. मग मी वाचनालयात ठाण मांडलं. तिकडं बर्फाच्या मुलखात लोक एवढ्याएवढ्याशा लाकडी खोल्या बांधतात, भिंती दुहेरी करतात, मधल्या पोकळीत काहीतरी ठासून भरतात, म्हणजे शेगडीची ऊब बाहेर पळत नाही. हे वाचलं आणि वाचनालयातच मी मोठ्यानं ओरडलो. (ग्रंथपालानं पाटीकडं बोट दाखवलं. ती पाटी मीच लावून घेतली होती.) जी भिंत ऊब बाहेर जाऊ देत नाही, ती ऊन आत कसं येऊ देईल? आत कुठलं आणि बाहेर कुठलं, हे भिंतीला कळत नाही. ती दोन्ही बाजूंना सारखंच अडवते. अशी निःपक्षपाती वस्तू आपल्या तालुक्यात दुसरी नाही! आक्का, हे वाक्य लक्षात ठेव, कारण पुढं याच वाक्यानं माझा घात केला.

मग आराखडा. लांबीला तीन बाजा आणि रुंदीला दोन बाजा बसतील एवढंच घर. दगडी खांबांवर उचललेलं, म्हणजे खालून वारा जाईल. लोखंडी सांगाडा, बाहेरून चुना मारलेला पत्रा, आतून प्लायवूड, मध्ये वीतभर पोकळी. छपरावर आणखी एक छप्पर, दोन्हींच्या मध्ये वारा खेळायला जागा. उत्तरेला एक खिडकी, दक्षिणेला एक, दोन्हींना जाड झडपा. रात्री झडपा उघडायच्या, गारवा आत घ्यायचा, आणि उजाडलं की सगळं बंद करून तो दिवसभर कोंडून ठेवायचा. जमीन हललीच तर हे घर जेवणाच्या डब्यासारखं खुळखुळेल आणि पुन्हा गप्प बसेल.

बांधायला काढलं आणि आप्पासो आला. आप्पासो म्हणजे आपला चुलतभाऊ, आता स्लॅबच्या घरांचा ठेकेदार. गावातलं निम्मं सिमेंट त्याच्या हातून ओतलं गेलंय आणि उरलेलं त्याच्या स्वभावात मुरलंय. कमरेवर हात ठेवून त्यानं सांगाड्याला फेरी मारली. "आकाराम, ह्यो पिंजरा कशासाठी रं? वाघ आणतोस का काय?"

"रंगूआक्का राहायला येणार हाय."

"ह्यात?" तो हसला. मग हसायचा थांबला, आणि त्याच्या मनातलं खरं बाहेर आलं. "आरं, बहिणीला माहेरात खण-साडी देत्यात. जागा देत न्हाईत."

आक्का, मी तिथल्या तिथं, वाळूच्या ढिगावर उभा राहून त्याला उत्तर दिलं. ज्या मुलीनं या विहिरीचं पाणी लग्न होईस्तोवर ओढलं, तिची या मातीतली किंमत एका खणाएवढी कुणी ठरवली? साडी नेसून माणूस राहतो कुठं? खण अंगावर घालायचा की डोक्यावर छप्पर म्हणून धरायचा? बोलता बोलता दिवस कलला. वेल्डर हात बांधून ऐकत बसला होता. (त्यानं त्या दिवसाची मजुरी पूर्ण घेतली. म्हणाला, ऐकण्याची हाय.) आप्पासो केव्हाच निघून गेला होता, पण ते मला भाषण संपल्यावर कळलं.

आता पोकळीत भरायचं काय? आपला उसाचा मुलूख, म्हणून मी आधी पाचट ठासलं. फुकट, कोरडं, घरचं. तीन बाजू भरून झाल्या आणि भिंती बोलू लागल्या. आत उंदरांनी संसार थाटले होते. उंदरांमागं साप आला. साप भिंतीत, आणि आम्ही बाहेर उभे राहून "आता उजवीकडं गेला, आता खिडकीखाली आलाय" असं त्याचं धावतं वर्णन करतोय. सुला म्हणाली, "आक्कांना ह्यात ठेवणार? त्यापरास त्यांना धरणाच्या भिंतीवर झोपवा." भिंती उचकटल्या. साप शांतपणे आप्पासोच्या उसात गेला, हीच काय ती जमेची बाजू.

मग देवासारखा तानाजी आला. तानाजी म्हणजे माण तालुक्यातला माझा धनगर मित्र. दरवर्षी मेंढरं घेऊन आपल्या रानात बसायला येतो. यंदाही आला, मेंढरं कातरली आणि कातरलेली लोकर बाभळीखाली टाकून निघाला. मी विचारलं, "आरं, लोकर?" तर म्हणाला, "घेतंय कोण? घोंगडं कुणी वापरत न्हाई, आन वाळली की जाळून टाकतो." आक्का, माझ्या अंगावर काटा आला. ज्या लोकरीनं माणच्या माळावर उन्हातान्हात, थंडीवाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या माणूस राखला, ती जाळायची? आणि आपण उन्हानं मरायचं? मी म्हणालो, "तानाजी, एक काडी लावू नकोस. ही लोकर माझ्या बहिणीच्या घराच्या भिंतीत जाणार." तो म्हणाला, "न्हे की. पन धू बरं का. पानी लागंल." आणि एक टेम्पो भरून सगळी लोकर आणून अंगणात ओतली.

धुतली. म्हणजे निम्मी धुतली. रिठ्याच्या पाण्यात हौद भरून सुला आणि मी तुडवत होतो. ती म्हणाली, सगळी धुवायची. मी म्हणालो, प्लायवूडच्या मागं काय दिसतंय? उन्हात वाळत घातलेली लोकर वावटळीनं उचलली आणि आप्पासोच्या उसाच्या शेंड्यांवर नेऊन ठेवली. त्याच्या रानात कापूस पिकल्यासारखा दिसायला लागला आणि दोन माणसं बियाणं विचारायला आली. घाईघाईनं उरलेली निम्मी तशीच, न धुता, लिंबाचा पाला घालून भिंतीत ठासली.

दुसऱ्या दिवशी तानाजीचा कळप त्या बाजूनं निघाला आणि घरापाशी येऊन थांबला. मेंढ्या भिंतीला नाकं लावून उभ्या राहिल्या. एकीनं ब्यँ केलं. सगळ्यांनी ब्यँ केलं. एडका भिंतीशी टक्कर घ्यायला मागं सरकला. त्यांच्या मते आत एक भलामोठा मेंढा कोंडला होता आणि त्याला सोडवणं हे त्यांचं कर्तव्य होतं. तानाजीनं दगड मारले, शीळ घातली, शेवटी हात जोडले. कळप कसाबसा हलला, पण त्याचा कुत्रा हलेना. तो दारात पुढचे पाय पसरून बसला आणि घर राखू लागला. मालक मी, आणि मलाच आत जाऊ देईना! तानाजी म्हणाला, "त्यो आता ह्यो बी कळपच हाय म्हणूनश्यान राखत बसलाय. लय इमानी हाय." मी म्हणालो, ही माझ्या घराला मिळालेली पहिली मान्यता आहे. सुला म्हणाली, भिंत उघडा आणि लोकर धुवा. भिंत उघडली आणि लोकर धुतली. (या वेळी सगळी.)

घर उभं राहिलं. आक्का, चुना मारलेलं, विहिरीच्या काठावर, चिंचेच्या अलीकडं. बाहेर ऊन भाजतंय आणि आत पाय टाकला की कपाळावरचा घाम जागच्या जागी वाळतो. पण गावाला हे पटवायचं कसं? आप्पासो ग्रामपंचायतीसमोर सगळ्यांदेखत म्हणाला, "पत्र्याचं खोकं ते. आकारामच्या तोंडाची वाफच तेवढी गार." मी म्हणालो, पैज लाव. त्यानं लावली. भर दुपारी घरात लोण्याचा गोळा ठेवायचा. तो टिकला, तर आप्पासोनं तुला वेशीवरून ओवाळून आणायचं. वितळला, तर घर त्याचं, ट्रॅक्टरनं ओढून नेऊन तो त्यात म्हशींची पेंड ठेवणार. मी लगेच हो म्हणालो. सुलानं कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, माशी बसली असेल.

लोण्याचा दिवस उजाडला. पहाटे मीच झडपा लावल्या, वाटीत लोण्याचा टणक गोळा ठेवला, दार ओढून घेतलं. ऊन चढलं तसा गाव जमला. मध्यान्ह झाली. मी दार उघडून म्हणालो, या, बघा! आणि इथं माझी चूक झाली, आक्का, जी फक्त आपल्या गावातच होऊ शकते. कुणीही बाहेरून डोकावून समाधान मानलं नाही. नव्या घरात आलेलं माणूस आत जातं, टेकतं, पाणी पितं, ही आपली रीत. सरपंच बाजेवर बसले. त्यांच्याशेजारी पोलीसपाटील. भजनी मंडळ उभ्यानं. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात विडी. दारात कोंबाकोंब. कुणीतरी म्हणालं, दार लावा, गारवा जातोय. दार लावलं. आणि समोर एवढे श्रोते, आणि त्यातल्या एकालाही बाहेर पडायला वाट नाही, असा योग माझ्या आयुष्यात कधी आला नव्हता. मी बोलायला उभा राहिलो.

काय बोललो ते पुन्हा कधी. बोलणं रंगात आलं तेव्हा सरपंचांच्या टोपीतून घाम ठिबकत होता. घरात गारव्याचा मागमूस नव्हता. भजनी मंडळातला एक जण "हवा, हवा" म्हणाला, मला वाटलं वाहवा म्हणतोय. शेवटी पाटलांनी दार उघडलं, माणसं बाहेर सांडली, आणि मागं राहिली ती वाटी. तिच्यात लोणी नव्हतं. तूप होऊ घातलेलं काहीतरी होतं. आप्पासोनं वाटी उचलून सगळ्यांना दाखवली. एक शब्दही बोलला नाही. त्याचं ते एकमेव चांगलं भाषण.

पण मी हरलो का? मुळीच नाही! मी विहिरीच्या काठावर चढून म्हणालो, मंडळी, उन्हानं हे लोणी वितळवलेलं नाही. तुम्ही वितळवलंत. उष्णता तुम्ही अंगात घालून आणलीत, आणि माझ्या भिंतींनी तिला बाहेर जाऊ दिलं नाही. भिंत जर कुचकामी असती, तर तुमची उष्णता केव्हाच निघून गेली असती आणि लोणी वाचलं असतं. म्हणून हे वितळलेलं लोणी हाच माझ्या भिंतीचा विजय आहे! आक्का, शास्त्राच्या दृष्टीनं यातलं एकही अक्षर खोटं नाही. पण गाव शास्त्राच्या दृष्टीनं बघत नव्हतं, घामाच्या दृष्टीनं बघत होतं. सरपंच टोपी पिळत म्हणाले, "आकाराम, पैज म्हंजी पैज." आप्पासो म्हणाला, "सोमवारी ट्रॅक्टर आणतो."

त्या रात्री मी जेवलो नाही. घर जाईल याचं दुःख नव्हतं, पुन्हा बांधीन. पण तुला काय तोंड दाखवणार होतो? तुझ्या नावाच्या जागेवरून तुझं घर म्हशींच्या पेंडीसाठी ओढून नेताना बघायचं, आणि पुढच्या साखरपुड्यात तू जिलेबी मोडत म्हणणार, "सांगितलं हुतं की."

सोमवार आला. ट्रॅक्टर आला, साखळदंड आला, गावही आला. आप्पासोनं दार ढकललं, तर आतून कडी. त्यानं दार बडवलं. उत्तर नाही. "आकाराम, भाईर ये! पैज हारलास आन आत लपलास व्हय?" असं ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. मी त्याच्या पाठीमागंच उभा होतो, पण त्यानं विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही. (मलाही गप्प बसता येतं.) शेवटी खिडकीची झडप किलकिली झाली आणि आतून चंद्राकाकी बाहेर बघायला लागली. आप्पासोची सख्खी आई.

आदल्या दुपारी वीज गेली होती. आप्पासोच्या दुमजली स्लॅबखाली पंखा थांबला, आणि म्हातारी काठी टेकत टेकत चिंचेच्या सावलीला म्हणून आली, ती घर दिसलं म्हणून आत शिरली. रात्री जेवायला घरी गेली आणि उजाडायच्या आत, कुणाला न सांगता, परत आली.

"आई, तू हितं काय करतीस?" आप्पासो म्हणाला.

"आधी त्यो ट्रॅक्टर लांब लाव. धूर आत येतोय."

"आगं, मी पैज जिकलोय! लोणी इतळलं!"

"लोणी इतळलं आसंल," काकी म्हणाली, "मी कुठं इतळली?"

गावात कुणी हसलं नाही, आक्का. कारण काकी पुढं म्हणाली, "मी बी कुणाची तरी लेक हुते, आप्पा. माज्या म्हायेरात मला बी खण मिळाला. लय खण मिळालं. पेटी भरलीया. बसायला कुनी कोपरा दिला न्हाई. ह्यो रंगूचा हाय, तिला आकारामनं दिला. तू त्यात पेंड ठेवतोस?" आणि झडप लावली. त्यानंतर आप्पासो बराच वेळ काहीतरी बोलत होता, पण माझ्या भिंतींची कामगिरी अशी की आत त्यातलं काहीही पोचलं नाही. ट्रॅक्टर गेला. सरपंच म्हणाले, लोण्यापेक्षा म्हातारीची परीक्षा मोठी. निकाल फिरला.

तर आक्का, तुझ्या तिन्ही आक्षेपांना उत्तर दिलं आहे, आणि चौथा मी ऐकून घेणार नाही. सामान बांध. दाराला लावायला तुझं स्वतःचं कुलूप घेऊन ये. गुडघ्यांना जपून ये. यशराजला कळव. तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेला,

तुझा भाऊ,
आकाराम

ता. क. : मी बाहेर उभा राहून कितीही मोठ्यानं बोललो तरी आत ऐकू येत नाही. हे मी घराचं न्यून म्हणून प्रामाणिकपणे कळवतो. सुला म्हणते, "हे पत्राच्या पयल्या वळीत लिवायचं. आक्का दुसऱ्याच दिशी आल्या असत्या."

ता. क. : दारावर नाव घालायला रंगारी आला होता. सासरचं आडनाव घालू का माहेरचं, असं विचारत होता. मी त्यावर बोलायला सुरुवात केली. पण दार अरुंद आहे आणि त्याला घाई होती, म्हणून नुसतं "रंगूबाई" एवढंच मावलं. मला तेवढंच हवं होतं. आप्पासोनं येऊन ते वाचलं. तू कुठल्या गाडीनं येणार, एवढं सुलाला विचारून गेला. ओवाळणीचं ताट त्यानं घासायला काढलं आहे, असं ऐकतो.

ता. क. : आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते लिहितो. चंद्राकाकी अजून बाहेर आलेली नाही. तिनं घरून बाज मागवली, खणांची पेटी मागवली, मिसरीचा डबा फळीवर ठेवला. मी उघड्या खिडकीशी जाऊन हळूच म्हणालो, काकी, आक्का येणार आहे, तिचं घर आहे, मी कुलूप घेऊन ये म्हणून लिहितोय. ती म्हणाली, "रंगूला लिव, कुलूप आणू नगं. मी आतच हाय."